वूस्टरचा टोर्नेडो, नेवाडाचे बॉम्ब आणि पोखरणचा उन्हाळा : अणुचाचण्यांनी हवामान बिघडतं का?

अबोली
९ जून, रात्री ११.१०

आमच्या शेजारी एक आजी राहतात. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला, वूस्टर शहराला खेटून असलेल्या गावात. दरवर्षी ९ जूनला संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या अंगणात खुर्ची टाकतात आणि वायव्येकडे तोंड करून तासभर नुसत्या बसून राहतात. अकरा वर्षं मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आले. आज पहिल्यांदा चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले.

९ जून १९५३ ला याच वेळी इथे टोर्नेडो आला होता. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आकाश हिरवट काळं झालं, लिंबाएवढ्या गारा पडल्या, आईने दोन्ही मुलांना तळघरात ढकललं. कानात दडे बसले एवढं त्यांना पक्कं आठवतंय. वर आल्या तर घराला छप्पर नव्हतं. टेबलावरची दुधाची बाटली मात्र जागच्या जागी उभी होती, तिच्यावर धुळीचा राखाडी थर. धाकटा भाऊ भुकेला होता, तो बाटलीकडे धावला. आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सगळं दूध मोरीत ओतलं. म्हणाली, "यात काचा असतील. आणि त्या बॉम्बची धूळही."

त्या एका टोर्नेडोने ९४ माणसं गेली. त्या वसंतात नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या चालू होत्या आणि टोर्नेडो त्यांच्यामुळेच आला असं आजींची आई मरेपर्यंत म्हणत होती. आजीही तेच म्हणतात. "असं नसतं हो आजी" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण का नसतं, असं त्यांनी विचारलं असतं तर मला दोन वाक्यं धड सांगता आली नसती, म्हणून गप्प बसले.

इथे हवामानातले जाणकार आहेत म्हणून विचारते. त्या काळच्या लोकांचा संशय निव्वळ भीतीपोटी होता की त्यात काही तथ्य होतं? आणि पोखरणनंतर आपल्याकडे असं कुणी म्हणत होतं का?


सांजवारा
९ जून, रात्री ११.५२

दुधाच्या बाटलीपाशी थांबले. वाचतेय, जाणकारांनी सविस्तर लिहा.


अकोलेकर
१० जून, सकाळी ७.३०

म्हणत होतं का काय विचारता ताई, आमच्या घरात आजही म्हणतात. १९९८ चा उन्हाळा आमच्या बाबांना विसरता येत नाही. ११ आणि १३ मे ला पोखरण झालं आणि त्यानंतर जे ऊन तापलं, आमच्या गोठ्यातली एक म्हैस त्यात गेली. बाबांचं एकच वाक्य, "त्या पोखरननं जमीन तापोली बाप्पा." त्याच वर्षी ९ जूनला (तारीख बघा, तुमच्या आजींचीच) गुजरातवर चक्रीवादळ आलं, कांडल्याकडे हजाराच्या वर माणसं गेली, मिठागरातले मजूर वाहून गेले. पारावर तेव्हा सगळे म्हणत, बॉम्बनंतर महिन्याच्या आत वादळ, हा योगायोग कसा?

मी कृषी पदविका केलेला माणूस, पण बाबांना काय उत्तर द्यायचं ते मलाही जमलेलं नाही. त्यामुळे मीही विचारणाऱ्यांच्या रांगेत.


पर्जन्यमापक
१० जून, सकाळी १०.१५

अबोली, तुमच्या आजींच्या आईला वेडं ठरवण्याआधी १९५३ चं कॅलेंडर समोर ठेवावं लागेल. मी निवृत्त निरीक्षक आहे. आयुष्यभर पर्जन्यमापकाची भांडी ओतली, त्यामुळे तारखा आणि आकडे यांच्याशिवाय मला बोलता येत नाही.

त्या वर्षी १७ मार्च ते ४ जून या काळात नेवाडात ११ चाचण्या झाल्या. ८ मे ला एक, आणि तीन दिवसांनी, ११ मे ला टेक्ससमधल्या वेको शहरात टोर्नेडो, ११४ मृत्यू. ४ जूनला त्या मालिकेतला शेवटचा आणि सर्वांत मोठा, ६१ किलोटनचा (म्हणजे ६१ हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढा) स्फोट. चार दिवसांनी, ८ जूनला मिशिगनमध्ये फ्लिंटजवळ टोर्नेडो, शंभरावर मृत्यू. दुसऱ्या दिवशी वूस्टर. एका महिन्यात तीन शहरं, आणि प्रत्येकाच्या आधी तीन ते पाच दिवसांवर स्फोट. रोज पेपरात पहिल्या पानावर मशरूमसारखा ढग बघणाऱ्या बाईने दोन्हींची सांगड घातली, तर ती बारकाईने बघणारी बाई होती असंच मी म्हणेन. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने १९५५ मध्ये या प्रश्नावर सुनावणी घेतली, हवामान खात्याच्या लेस्टर माक्टा यांनी त्यावर रीतसर अभ्यास केला. प्रश्न तेव्हा कुणी हसण्यावारी नेला नव्हता.

आता ताकदीचा हिशेब. हा कुणालाही घरी करता येतो, म्हणून पायरीपायरीने लिहितो.

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. हे पाणी ढगात वाफेचं थेंब होताना अप्रकट उष्मा (वाफ होताना साठवलेली उष्णता) बाहेर टाकतं, किलोमागे साधारण २५ लाख जूल. गुणाकार केला तर या एवढ्याशा पावसामागे सुमारे ६०० टन टीएनटीची ऊर्जा निघते. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर २५ मिलिमीटर पडला की झाले १५ किलोटन. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब एवढाच होता.

वळवाचा एक बरा पाऊस घ्या. पन्नास चौरस किलोमीटरवर २० मिलिमीटर. हे झाले ६०० किलोटन. नेवाडातल्या त्या अकराच्या अकरा चाचण्यांची बेरीज साधारण २५० किलोटन भरते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चारला येऊन पाचला निघून जाणारा, आंबे पाडणारा वळीव त्या सगळ्या मालिकेच्या दुपटीहून मोठा असतो.

आणि २६ जुलै २००५ ची मुंबई. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३. सांताक्रूझच्या आसपासच्या शंभर चौरस किलोमीटरवर आपण निम्माच, ४७० धरू. २८ मेगाटन निघतात (हजार किलोटनांचा एक मेगाटन). अमेरिकेने बिकिनी बेटावर १९५४ साली फोडलेला कॅसल ब्राव्हो हा त्यांचा सर्वांत मोठा बॉम्ब १५ मेगाटनचा होता.

हे वाचून कुणी म्हणेल की बॉम्ब सगळी ऊर्जा क्षणात आणि एका ठिकाणी देतो. बरोबर. म्हणूनच तो शहर उद्ध्वस्त करतो. आणि म्हणूनच वादळ घडवायला तो निकामी आहे. वादळाला लागतो शेकडो किलोमीटर पसरलेला दमट वारा, वर कोरडा थंड वारा आणि उंचीनुसार दिशा व वेग बदलणारा प्रवाह. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी ओल आणि रॉकी पर्वतावरून उतरणारी कोरडी हवा त्या मैदानात दर वसंतात एकमेकींना भिडतात. ७ जून १९५३ ला नेब्रास्कात, ८ ला मिशिगन आणि ओहायोत, ९ ला मॅसॅच्युसेट्समध्ये, असे तिन्ही दिवसांचे टोर्नेडो पूर्वेकडे सरकणाऱ्या एकाच प्रणालीतले आहेत. रोजच्या नकाशांवर तिचा प्रवास बोट ठेवून दाखवता येतो.


माळरान
१० जून, दुपारी १.०५

पर्जन्यमापक काका, साष्टांग दंडवत. २५ मिलिमीटर म्हणजे एक हिरोशिमा, हे आता पाऊस बघताना डोक्यातून जाणार नाही.


नितीन_का
१० जून, दुपारी ३.४०

हिशेब मान्य. पण दोन गोष्टी खटकतात आणि त्या लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. ताकदीची तुलना करून प्रश्न सुटतो का? डोंगरावर अडकलेला धोंडा ढकलायला धोंड्याएवढी ताकद लागत नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ, अबोलीच्या त्या मॅसॅच्युसेट्सच्याच एमआयटीतले, त्यांनी १९७२ च्या भाषणात हाच प्रश्न विचारला होता: ब्राझीलमधल्या फुलपाखराने पंख हलवले तर टेक्ससमध्ये टोर्नेडो येईल का? फुलपाखराचा विचार होऊ शकतो तर ६१ किलोटनचा का नाही?

दुसरी, आणि मला ही जास्त महत्त्वाची वाटते. "हवामानावर परिणाम नाही" असं सांगणारं सरकार तेच, जे त्याच वर्षी यूटाच्या मेंढपाळांना सांगत होतं की तुमच्या मेंढ्या उपासमारीने मेल्या. १९५३ च्या वसंतात तिथे चार हजारांवर मेंढ्या मेल्या. तोंडाला आणि पाठीवर फोड, कोकरं जन्मतःच खुरटलेली. मेंढपाळ कोर्टात गेले, १९५६ ला हरले. १९८२ मध्ये त्याच न्यायाधीशांनी निकाल दिला की सरकारने न्यायालयाची फसवणूक केली होती. वरच्या कोर्टाने तो निकालही फिरवला. १९ मे १९५३ च्या "हॅरी" स्फोटानंतर सेंट जॉर्ज गावावर किरणोत्सारी धूळ पडली, तेव्हा लोकांना थोडा वेळ घरात बसा म्हणून सांगितलं आणि मग सगळं ठीक आहे म्हणून मोकळे झाले. जो माणूस एका गोष्टीत खोटं बोलतो त्याच्या दुसऱ्या गोष्टीवर लोकांनी का विश्वास ठेवावा? आजींच्या आईचा राग मला पूर्ण समजतो.


पर्जन्यमापक
१० जून, संध्याकाळी ६.२०

नितीन, दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. तो मी लिहायला हवा होता.

पहिल्याबद्दल. लॉरेंझ यांच्या म्हणण्याचा रोख वेगळा होता. लहान धक्क्याने पुढचं चित्र बदलू शकतं, पण तो बदल चांगल्याकडे की वाईटाकडे, हे ठरलेलं नसतं. बॉम्बमुळे एखादा टोर्नेडो आला असं म्हणायचं तर बॉम्बमुळे एखादा टळला असंही तितक्याच हक्काने म्हणता येईल. आणि त्याच दिवशी प्रत्येक डोंगराने, प्रत्येक वणव्याने, प्रत्येक गडगडाटी ढगाने हवेला ढकललेलं असतं. यातून एक बोट उचलून नेवाडाकडे दाखवता येत नाही. दाखवायचं असेल तर मोजणीत फरक दिसायला हवा: चाचण्या होतात त्या वर्षी जास्त टोर्नेडो, नाही त्या वर्षी कमी.

मोजणी काय सांगते बघा. अमेरिकेत १९५२ मध्ये २४० टोर्नेडो नोंदले गेले, १९५३ मध्ये ४२१. दुप्पट होत आले, लोक घाबरले. १९५४ मध्ये नेवाडात एकही स्फोट झाला नाही. त्या वर्षी नोंद झाली ५५० ची. वाढला होता तो नोंदणारा हात. तिथल्या हवामान खात्याने "टोर्नेडो" हा शब्द अंदाजात वापरायलाच वर्षानुवर्षं मनाई केली होती, घबराट होईल म्हणून. तीव्र वादळांचा अंदाज देणारं वेगळं पथक १९५२ ला सुरू झालं आणि तेव्हापासून शेतात आडव्या पडलेल्या प्रत्येक खांबाची कुणीतरी चौकशी करू लागलं. ९ जूनच्या सकाळी बॉस्टनच्या अंदाजकारांना धोका दिसला होता. पण तो शब्द वापरायचा की नाही यावर विचार होऊन शेवटी "जोरदार गडगडाटी पाऊस" एवढंच लोकांपर्यंत गेलं. मी स्वतः आयुष्यभर अंदाज खाली पोचवण्याच्या साखळीतला एक दुवा होतो, त्यामुळे हे लिहितानाही घशात काहीतरी अडकतं.

माक्टा आणि सहकाऱ्यांनी आणखीही शक्यता तपासल्या. बॉम्बची धूळ ढगात बीजासारखी काम करते का, म्हणजे सिल्व्हर आयोडाइड फवारून पाऊस पाडायचा प्रयत्न करतात तसं? धूळ तपासली, बर्फाचे कण धरायला ती अगदीच कमअस्सल निघाली. धुळीने ऊन अडतं का? इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या १८८३ च्या उद्रेकाने जगभर ऊन मंदावलं होतं, पण त्याने फेकलेल्या राखेपुढे नेवाडाची धूळ चिमूटभर. तिसरी शक्यता विजेची, किरणोत्साराने हवेचा विद्युत गुणधर्म बदलण्याची. तीही तेव्हा फारशी महत्त्वाची धरली गेली नाही.


कोजागिरी
१० जून, रात्री ९.०५

काका, ती तिसरी शक्यता बंद करू नका! त्यात पुढे खरंच काहीतरी सापडलं.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला शिकत होते, तिथल्याच विद्यापीठातलं हे काम, २०२० चं. जाइल्स हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी १९६२ ते १९६४ च्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. १९६१-६२ मध्ये अमेरिका आणि रशियाने चाचण्यांचा नुसता सपाटा लावला होता, त्यामुळे त्यानंतरची दोन वर्षं वरच्या हवेतून किरणोत्सारी कण जगभर खाली झिरपत होते. हे कण हवेचे रेणू फोडतात, हवेतला विद्युत प्रभार वाढतो. हवेतला प्रभार लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत मोजला जात होता. पाऊस पाहिला तो स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या लर्विकचा, कारण तिथे धूर-धुराळा जवळजवळ नाही. १५० दिवसांच्या नोंदी जुळवल्या. प्रभार जास्त होता त्या दिवशी ढग जाड होते आणि पाऊस सरासरी २४ टक्के जास्त.

कारण असं सांगतात की ढगातले बारीक थेंब प्रभारित झाले की एकमेकांना चिकटण्याची शक्यता वाढते, लहानाचे मोठे लवकर होतात, पाऊस लवकर सुटतो.

म्हणजे अणुचाचण्यांचा हवामानावर काहीच परिणाम झाला नाही हे विधान टिकत नाही ना? लर्विकच्या कोळ्याच्या अंगावर पडलेल्या सरींमध्ये नेवाडाचा नसेल, पण नोव्हाया झेम्ल्याचा (आर्क्टिकमधली रशियाची चाचणीची बेटं) वाटा होता.


पर्जन्यमापक
१० जून, रात्री ९.४८

कोजागिरी, आभार. हे वाचताना खुर्चीत सरळ बसलो. मी म्हटलं होतं की ती शक्यता महत्त्वाची धरली गेली नाही. आता वाक्य दुरुस्त करतो. परिणाम होता, रिमझिम थोडी दाट करण्याएवढा. आधीच ढग असलेल्या दिवशी, आधीच पडणाऱ्या पावसात. त्यातून टोर्नेडो उभा राहत नाही, कारण त्याचं गणित थेंबांच्या प्रभाराचं नसून वाऱ्यांच्या रचनेचं आहे. पण "शून्य" हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.


चिंतामणी_ठाणे
११ जून, सकाळी ८.१५

सगळे एकाच दिशेने बघताय: बॉम्बने हवामानाला काय केलं. उलटं बघा, हवामानाने बॉम्बला काय केलं. माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

२५ एप्रिल १९५३. नेवाडात "सायमन" नावाचा ४३ किलोटनचा स्फोट. ढग उंच गेला, वरच्या पश्चिमी वाऱ्याला लागला आणि दीड दिवसात ३७०० किलोमीटर पूर्वेला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरावर पोचला. नेमकं तिथे २६ च्या रात्री गडगडाटी वादळ चालू होतं. पावसाने तो ढग धुऊन खाली आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या रेन्सलीअर पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतले किरणोत्सार मोजणारे गायगर काउंटर आपोआप कडकडू लागले. विद्यार्थी बाहेर पडले तर गल्लीतल्या डबक्यांत, छपरांच्या पन्हळींत, सगळीकडे तेच. अधलेमधले हजारो किलोमीटर त्या मानाने सुटले; जिथे वीज कडाडली तिथे सगळा माल उतरला.

अबोली, ट्रॉय तुमच्या वूस्टरपासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. आणि हे घडलं टोर्नेडोच्या दीडच महिना आधी.

१ मार्च १९५४ चा कॅसल ब्राव्होही तसाच. वरचे वारे पूर्वेकडे, माणसांच्या बेटांकडे वाहत होते आणि बॉम्ब अपेक्षेच्या अडीच पट निघाला. रोंगेलाप बेटावर पांढरी भुकटी पडली, मुलं तिच्यात खेळली. जपानी मासेमारी बोटीवरचे २३ जण भाजले, त्यातले रेडिओ चालवणारे कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. महिनाभरातच, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली.

आणि आपला पाऊस? हायड्रोजन बॉम्बनी हवेत इतकं ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) सोडलं की ते पाण्याचाच भाग होऊन जगभर पावसातून पडलं. १९६३ च्या सुमाराला उत्तर गोलार्धात त्याचं शिखर होतं. पावसाचे नमुने गोळा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात तेव्हा मुंबईही होती. मी भूजलाच्या कामात होतो. विहिरीच्या पाण्यात ते ट्रिटियम सापडलं की समजायचं, यात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्यानंतरचा पाऊस मुरलाय. नाही सापडलं तर पाणी जुनं. दख्खनच्या काळ्या पाषाणात किती वर्षांनी पाणी मुरतं हे बघताना मी पहिल्यांदा तो आकडा कागदावर पाहिला आणि बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो. आर्क्टिकच्या आकाशात फोडलेली वस्तू आपल्या विहिरीत होती.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार झाला, त्यानंतर ट्रिटियम उतरत गेलं. फ्रान्स आणि चीन मात्र थांबले नाहीत. हवेतली शेवटची चाचणी चीनने १६ ऑक्टोबर १९८० ला केली.


सांजवारा
११ जून, सकाळी ९.३०

अवांतर असेल तर सांगा, पण मग ते "आण्विक हिवाळा" प्रकरण काय? तिथे तर हवामान पार बदलेल म्हणतात.


कोजागिरी
११ जून, सकाळी १०.१०

ते युद्धाबद्दल आहे, चाचण्यांबद्दल नाही. शहरं जळाली की काजळी उठते, ती थेट वरच्या थरात गेली की पावसाने धुतली जात नाही, वर्षानुवर्षं ऊन अडवते. वाळवंटात आणि प्रवाळबेटांवर जळण्यासारखं काही नव्हतं म्हणून चाचण्यांत हे झालं नाही. हिरोशिमात मात्र लहान प्रमाणात झालं: आगीच्या लोटांनी ढग उभा केला आणि त्यातून काळा पाऊस पडला. तहानलेल्या लोकांनी तो तोंड उघडून प्यायला.


पर्जन्यमापक
११ जून, दुपारी १२.२५

अकोलेकर, तुमच्या बाबांसाठी काल रात्री वेगळा हिशेब केला.

पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांची सरकारने सांगितलेली बेरीज साधारण ५८ किलोटन. सगळीच्या सगळी ऊर्जा हवेत आली असं क्षणभर धरा (ती आली नाही, मोठ्या चाचणीचा खड्डा दोनशे मीटरहून खोल होता, ती ऊर्जा खडक वितळवण्यात आणि जमीन हादरवण्यात गेली). मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊन पडतं. जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरचा. त्या जिल्ह्यावर सूर्य जेवढी उष्णता ओततो, त्या हिशेबाने पोखरणची सगळी ऊर्जा म्हणजे सहा-सात सेकंदांचं ऊन. तुम्ही हे वाक्य वाचलंत तेवढा वेळ.

त्या वर्षीचं ऊन खरंच भयानक होतं, यात बाबांची आठवण पक्की आहे. ओडिशात उष्माघाताने दोन हजारांवर माणसं गेली. त्याआधीचा १९९७-९८ चा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं, ज्याने जगभरचं हवामान हलतं) शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी होता. आणि मॉन्सूनच्या तोंडावर अरबी समुद्रात चक्रीवादळ उठणं हे जूनचं जुनं लक्षण आहे. आणखी एक: १८ मे १९७४ च्या पहिल्या पोखरणनंतर पाऊस देशभर कमी पडला, १९९८ च्या पोखरणनंतर सरासरीपेक्षा जास्त. ७२ चा दुष्काळ तर चाचणीशिवायच आला होता, तो तुमच्या बाबांनीही भोगला असेल.


अकोलेकर
११ जून, रात्री ८.४०

काका, बाबांना जेवताना सांगितलं. सहा सेकंदांचं ऊन म्हटल्यावर हातातला घास तसाच राहिला. मग म्हणाले, "मंग त्या खेतोलईवाल्यांच्या घराले तडे गेले म्हनत, थे बी खोटंच काय?" मी म्हटलं नाही बाबा, ते गाव जागेला लागून आहे, तिथल्या लोकांनी तक्रारी केल्यात आणि जमीन हादरते तेव्हा भिंती हादरतातच. बाबा म्हणाले, "मंग ठीक हाये. म्हैस उनानं गेली, भिंत बाँबनं गेली. ज्याचं त्याले." आणि जेवायला लागले.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी या विषयावर माझं ऐकून घेतलं.


नितीन_का
११ जून, रात्री १०.१५

"ज्याचं त्याले" मला फार पटलं. टोर्नेडो बॉम्बच्या नावावर घातल्याने एक नुकसान असं झालं की सुनावणीत सरकारला एका तरी प्रश्नाचं खरं उत्तर देता आलं, "वादळाशी आमचा संबंध नाही", आणि त्याच सुरात धुळीबद्दलही निर्धास्त करता आलं. धुळीतलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाय ते खाते, दुधात उतरतं, दूध पिणाऱ्या मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून ताज्या दुधाचाच धोका जास्त. कोणत्या भागातल्या मुलांना किती मात्रा मिळाली असेल याचा देशभराचा अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने काढला तो १९९७ मध्ये. तोवर ती मुलं पन्नाशीला आली होती. वाऱ्याच्या वाटेवरच्या लोकांना भरपाई द्यायचा कायदाही १९९० चा.

अबोली, तुमच्या पहिल्या पोस्टमधली बाटली मी दोन दिवस विसरू शकलेलो नाही.


अबोली
१२ जून, रात्री ११.३०

आज संध्याकाळी तुमचे प्रतिसाद इंग्रजीत करून आजींना वाचून दाखवले. दोन तास लागले. पावसाच्या हिशेबाला त्यांनी मला थांबवलं, घरातून कागद-पेन्सिल आणून स्वतः गुणाकार केला. त्या शाळेत गणित शिकवायच्या हे मला आजच कळलं. उत्तर जुळल्यावर पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ते वादळ आमचंच होतं." नेब्रास्का, मिशिगन, मग आपण, असं बोटांवर दोनदा मोजलं.

मग ट्रॉयचं वाचलं. तारीख त्यांनी पुन्हा विचारली. २६ एप्रिल, मी म्हटलं. "रविवार होता तो," त्या म्हणाल्या. मी फोनवर बघितलं, खरंच रविवार. त्या रविवारी पावसात भिजल्या होत्या का वगैरे काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही."

नितीन, दुधाचा परिच्छेद वाचायचा की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. शेवटी वाचला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, अंधार पडायला लागला होता. मग म्हणाल्या, "त्या रात्री भाऊ उपाशी झोपला आणि आईला किती बोलला. शाळेच्या जिमखान्यात झोपवलं होतं आम्हाला, सगळ्यांदेखत रडून रडून बोलला. मोठा झाल्यावरही तो विषय निघाला की म्हणायचा, आईने एका खुळ्या भीतीपायी चांगलं दूध फेकलं." भाऊ फ्लोरिडात असतो. त्यांनी मला त्याला फोन लावून द्यायला सांगितला, आणि तो परिच्छेद मला त्यालाही वाचून दाखवायला लावला.